‘फॉरमॅट मारा आणि निर्धास्त व्हा’ हा सल्ला मागे घ्यावा

मा. संपादक,
स. न.

आपल्या प्रश्नोत्तरांच्या सदरात एका वाचकाने विचारलं होतं, की जुना लॅपटॉप दुसऱ्याला देण्याआधी त्यातली माहिती कशी पुसावी. ‘ब्राउझरची हिस्टरी काढा, फाइली डिलीट करून रिसायकल बिन रिकामी करा, फॉरमॅट मारा आणि निर्धास्त व्हा,’ असं उत्तर त्यावर छापून आलं. डिलीट झालेला डेटा परत मिळवून देणं हा माझा व्यवसाय आहे. चुकून नेमकं हेच सगळं करून बसलेली माणसं माझ्याकडे येतात आणि त्यांचे फोटो, हिशेब, अर्धवट लिहिलेले प्रबंध मी बहुतेक वेळा काढून देते. मला जे जमतं ते तो लॅपटॉप विकत घेणाऱ्यालाही जमू शकतं. त्यासाठी लागणारी साधी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबणार आहे.

बिघडलेल्या हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे चकतीवरून माहिती वाचणारा भाग, बदलायचं असलं की आम्हाला त्याच मॉडेलची दुसरी, चालू स्थितीतली डिस्क शोधावी लागते. तिला आम्ही डोनर म्हणतो. डोनर येते जुन्या मालातूनच. ती नीट चालते का हे बघण्यासाठी जोडावी लागते, आणि जोडली की आधीच्या मालकाच्या फाइलींची यादी समोर येते. ओळखपत्रांचे स्कॅन, दोन्ही बाजूंचे. तपासण्यांचे रिपोर्ट, रुग्णाच्या पूर्ण नावासकट. घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा, त्याची तिसरी आणि चौथी आवृत्ती. ‘पासवर्ड’ याच नावाची वर्ड फाइल तर इतक्यांदा दिसते, की आता तिचं नवल वाटत नाही. यातलं काही मी उघडत नाही, नावांवरूनच पुरेसं कळतं. डोनर खोलण्याआधी तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहायची, हा माझ्या टेबलावरचा नियम आहे. पण ती डिस्क माझ्या टेबलावर आली हा त्या माणसाच्या नशिबाचा भाग. दुसरीकडे गेली असती तर?

हे केवळ माझं निरीक्षण नाही. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत या दोन संशोधकांनी जुन्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या १२९ डिस्क वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून जास्त क्रमांक त्यांच्या हाती लागले. ज्यांनी त्या विकल्या त्यातल्या अनेकांनी डिलीट किंवा फॉरमॅट केलेलं होतं.

तरी माहिती राहते ती का, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. फाइल डिलीट करणं म्हणजे दारावरची नावाची पाटी काढणं, घरातलं सामान जागच्या जागी असतं. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. डिलीट केल्यावर त्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि फाइलने व्यापलेली जागा मोकळी धरली जाते. एवढंच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर अक्षर न् अक्षर शाबूत असतो. अगदी छोटी फाइल असेल, चार ओळींची, तर तिचा मजकूर त्या तक्त्याच्या नोंदीतच बसतो आणि कित्येकदा वर्षानुवर्षं तिथे पडून राहतो. पासवर्डांच्या फाइली अशाच चार ओळींच्या असतात.

फॉरमॅटचंही तेच. ‘क्विक फॉरमॅट’ हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो आणि तो फक्त नवा कोरा तक्ता मांडतो. ती खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या डिस्कभर शून्यं लिहितात, आणि मग फिरत्या चकतीच्या डिस्कमधून मलाही काही मिळत नाही. एक्सपीच्या काळात पूर्ण फॉरमॅटसुद्धा डेटा पुसत नसे, नुसते खराब भाग तपासत असे. जुन्या माणसांचे सल्ले आणि नव्या माणसांचे सल्ले जुळत नाहीत त्याचं एक कारण हे आहे.

इथेच उलट्या बाजूचा एक गैरसमजही दूर करते. ‘पस्तीस वेळा पुसल्याशिवाय डेटा जात नाही’ असं मला आजही लोक सांगतात. हा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातला. त्या काळात डिस्कवर माहिती लिहिण्याच्या जितक्या पद्धती चालू होत्या त्या सगळ्यांचा विचार करून त्यांनी ती मालिका रचली होती. कोणत्याही एका डिस्कला ती अख्खी मालिका लागत नाही, हे पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं. आजच्या फिरत्या डिस्कवर सगळीकडे एकदा लिहिलं तरी पुरतं. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची यासाठीची मार्गदर्शिका, ८००-८८, तीही २०१४ च्या आवृत्तीत हेच सांगते. पस्तीस फेऱ्यांच्या धास्तीने लोक एकही फेरी मारत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खरा अवघड भाग, ज्याचा आपल्या उत्तरात उल्लेखच नव्हता. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरती चकती नसते, एसएसडी असते, म्हणजे फ्लॅश मेमरीच्या चिपांत माहिती साठवणारा ड्राइव्ह. एसएसडीतल्या पेशी ठरावीक वेळा लिहिल्या की झिजतात, म्हणून तिचा कंट्रोलर, म्हणजे तिचं काम चालवणारी चिप, लिखाण सगळीकडे वाटून टाकतो. आपण एखाद्या फाइलवर नवं काही लिहिलं तरी ते जुन्याच जागी जाईल असं नाही. कंट्रोलर ते दुसऱ्याच पेशींत ठेवतो आणि जुन्या पेशी सवडीने साफ करतो. शिवाय प्रत्येक एसएसडीत काही राखीव जागा असते, ती संगणकाला दिसतच नाही. त्यामुळे एकेक फाइल ‘कायमची नष्ट’ करणारी जी सॉफ्टवेअरं आहेत त्यांचा एसएसडीवर भरवसा धरता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे प्रत्यक्ष चिप सोडवून तपासलं. एकेकटी फाइल पुसण्याची एकही पद्धत त्यांना खात्रीची आढळली नाही. ॲपलने २०१५ मध्ये आपल्या संगणकांतला ‘सिक्युअर एम्प्टी ट्रॅश’ हा पर्याय काढून टाकला तोही याच कारणाने, फ्लॅश मेमरीवर त्याची हमी देता येत नव्हती.

यावर कुणी जाणकार म्हणेल, की एसएसडीत ‘ट्रिम’ असतं, डिलीट केलेल्या जागा कोणत्या हे विंडोज स्वतःच ड्राइव्हला कळवते आणि त्या साफ होतात. खरं आहे. त्यापायी मला कित्येकांना हात जोडून परत पाठवावं लागतं, कारण मुलाच्या पहिल्या वर्षाचे फोटो ट्रिमने मिनिटांत नेलेले असतात. पण पुसलं जाण्याची हमी म्हणून ट्रिमकडे बघू नका. साफसफाई कधी करायची ते ड्राइव्ह ठरवतो. यूएसबीच्या डब्यात घातलेल्या एसएसडीपर्यंत पुष्कळदा ती सूचना पोचतच नाही. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांतून तर मी आजही डिलीट झालेलं सहज काढते.

मग करायचं काय? माझं उत्तर एकच आहे आणि ते संगणक विकण्याच्या दिवसाचं नाही, तो घेतला त्या दिवसाचं आहे: पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, होम आवृत्तीच्या बऱ्याच नव्या संगणकांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने तीच सोय मिळते. मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. यात डिस्कवर जे जे लिहिलं जातं ते किल्लीने कुलूपबंद होऊनच लिहिलं जातं. राखीव जागेत राहिलेला तुकडासुद्धा किल्लीशिवाय निरर्थक ठरतो. संगणक द्यायच्या वेळी ती किल्ली नष्ट केली की सगळा डेटा एका क्षणात गेला. चोरीला गेलेल्या लॅपटॉपलाही याच एका गोष्टीचं संरक्षण असतं, कारण चोर आपल्याला पुसायला वेळ देत नाही.

एन्क्रिप्शन चालू केल्यावर एक रिकव्हरी की मिळते, ती कागदावर लिहून संगणकापासून लांब ठेवावी. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरत असाल तर ती त्या खात्यातही साठवलेली असू शकते, तिथे आहे का ते बघून घ्यावं. ही की हरवली आणि ड्राइव्हने ती मागितली, तर माझ्यासारखी कुणीही काही करू शकत नाही. त्या लोकांचे चेहरे मी पाहिलेत, म्हणून दुसरा बॅकअप असल्याशिवाय हे सुरू करू नका, असं प्रत्येकाला सांगते. आणखी एक बारीक गोष्ट. जो एसएसडी वर्षभर उघडा वापरून मग एन्क्रिप्ट केला, त्याच्या राखीव जागेत जुने उघडे तुकडे राहिलेले असू शकतात. म्हणूनच पहिल्या दिवसाचा आग्रह.

ज्यांनी एन्क्रिप्शन केलेलं नाही त्यांनी एसएसडीसाठी ड्राइव्हचीच स्वतःची पुसण्याची आज्ञा वापरावी. ‘सिक्युअर इरेझ’ किंवा ‘सॅनिटाइझ’ या नावाने ती ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, काही संगणकांत सुरुवातीच्या बायोस पडद्यावरही मिळते. ती राखीव जागेपर्यंत पोचते. सॅन डिएगोच्या तपासणीत एका ड्राइव्हने ‘पुसलं’ असं कळवलं आणि डेटा जसाच्या तसा होता, पण तो २०११ चा काळ. आज ही आज्ञा आणि एन्क्रिप्शन दोन्ही झालेलं असेल तर मी स्वतः निश्चिंत असते. विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मध्येही ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यावर सेटिंग बदलून ‘क्लीन डेटा’ चालू करता येतं. ते आधीपासून चालू नसतं आणि लोक पुढे-पुढे दाबत जातात. २०२२ मध्ये याच रीसेटनंतर वनड्राइव्ह या ऑनलाइन साठ्याच्या काही फाइली संगणकावर मागे राहत असल्याचं मायक्रोसॉफ्टने मान्य करून दुरुस्ती दिली होती. तेव्हा रीसेट झाल्यावर एखादं फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर आपणच चालवून बघावं. आपल्याला जुनं काही सापडलं, तर पुढच्यालाही सापडेल. मॅकवाल्यांचं काम यात सर्वांत सोपं: मॉन्टेरी किंवा त्यानंतरची मॅकओएस आवृत्ती असलेल्या, नव्या चिपच्या मॅकवर ‘इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ किल्लीच नष्ट करतं.

ब्राउझरच्या हिस्टरीबद्दल आपल्या उत्तरात एकच ओळ होती. लोकांना सगळ्यांत जास्त भीती तिचीच असते आणि विचारताना ते आवाज खाली आणतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणूस डॉक्टरला विचारण्याआधी ब्राउझरला विचारतो, कर्जाचं, आजाराचं, नोकरी सोडण्याचं. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं की क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींत पुसण्याची खिडकी उघडते. तिथे कालावधी बघा, तो बहुधा थोड्याच वेळाचा असतो, ‘ऑल टाइम’ आपण निवडावं लागतं. साठवलेले पासवर्ड आणि फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी माहिती वेगळी पुसावी लागते. कुकीज राहिल्या तर पासवर्ड न टाकताही आपल्या खात्यात शिरता येतं.

पण त्याआधी ब्राउझरमधून साइन आउट करा, कारण सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवरची माहिती एकसारखी ठेवणारी सोय, चालू असताना पासवर्ड पुसले तर ते खात्यातूनच जातात आणि फोनवरूनही नाहीसे होतात. हे झाल्यावर लोक रडवेले होऊन फोन करतात आणि माझ्याकडे त्यावर उपाय नसतो. याउलट, संगणकावरची हिस्टरी पुसली म्हणून गुगलच्या खात्यातल्या ‘माय ॲक्टिव्हिटी’तल्या नोंदी गेल्या असं समजू नये, त्या तिथे जाऊन वेगळ्या काढाव्या लागतात. इनकॉग्निटो या ब्राउझरच्या खासगी खिडकीचंही लोकांना फार कौतुक असतं. ती खिडकी बंद केल्यावर हिस्टरी आणि कुकीज संगणकावर राहत नाहीत, एवढाच तिचा उपयोग. उतरवून घेतलेल्या फाइली राहतात. इंटरनेट पुरवणारी कंपनी, नोकरीच्या ठिकाणचं नेटवर्क आणि खुद्द ती वेबसाइट यांना आपण दिसतोच. गुगलवर याच मुद्द्यावरून २०२० मध्ये अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं कबूल केलं.

ब्राउझरबाहेरही खुणा राहतात. फोटो डिलीट केला तरी विंडोजने बनवलेलं त्याचं छोटं चित्र वेगळ्या साठ्यात असतं. मूळ फोटो गेले आणि अशी छोटी चित्रंच तेवढी हाती लागली, असं माझ्या कामात पुष्कळदा होतं. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, संगणक झोपी जाताना मेमरीतलं सगळं उतरवून ठेवणारी हायबरनेशनची फाइल, मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी पेजफाइल, आपोआप घेतलेल्या जुन्या प्रती. एकेक शोधून पुसत बसणं हा माझ्या मते व्यर्थ खटाटोप आहे. ‘एका क्लिकमध्ये सगळं साफ’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरांवर तर मी आंधळा विश्वास ठेवूच देणार नाही. त्यातल्या सर्वांत लोकप्रिय सीक्लीनरच्या एका आवृत्तीत २०१७ मध्ये हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि तो वीस लाखांहून जास्त संगणकांवर पोचला होता.

या सगळ्यात एका प्रकारच्या वाचकांसाठी मला वेगळं लिहायचं आहे. घरात मारहाण सोसणारी, कुणाची नजर सतत अंगावर असणारी व्यक्ती जेव्हा मदतीचा पत्ता शोधते, तेव्हा हिस्टरी पुसणं हा तिच्या जिवाचा प्रश्न असतो. तिला ‘सगळं पुसून टाक’ असं सांगणं धोक्याचं आहे. काल भरलेली हिस्टरी आज कोरी दिसली की संशय वाढतो. त्यापेक्षा यादीतून तेवढ्याच नोंदी काढाव्यात, बाकी नेहमीचं राहू द्यावं. शक्य असेल तर हा शोध पाळत ठेवणाऱ्याचा हात पोचत नाही अशा यंत्रावर करावा, मैत्रिणीच्या किंवा वाचनालयातल्या. संगणकात किंवा फोनमध्ये पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर कुणी टाकलेलं असेल, तर टाइप केलेलं अक्षर हिस्टरीत जाण्याआधीच पलीकडे पोचतं आणि पुसण्याचा काही उपयोग होत नाही. अशा सदरांमध्ये हे दोन-तीन ओळींत जरी छापलं तरी ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोचेल.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेले, पण बाकी ठणठणीत असलेले असंख्य संगणक त्यामुळे हात बदलत आहेत. कुणी विकतंय, कुणी शाळेला देतंय. द्यावेत, जरूर द्यावेत, चांगलं यंत्र भंगारात जाऊ नये या मताची मी आहे. अनेक संस्था भीतीपोटी डिस्क फोडूनच टाकतात, तेही दरवेळी गरजेचं नसतं. नीट पुसलेली डिस्क पुढे वापरता येते. फोडायची वेळ येते ती बंद पडलेली, कोणतीही आज्ञा न घेणारी डिस्क असेल तेव्हा. फिरत्या डिस्कची चकती वाकवावी किंवा तिचे तुकडे करावेत. एसएसडीच्या बाबतीत प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, एका छिद्राने भागत नाही. तिथे चुंबकाचाही उपयोग नाही, फ्लॅश मेमरी चुंबकाने पुसली जात नाही.

संस्थांनी हे काम कुणाला देतो याची चौकशी करावी. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकी बँकेच्या उपकंपनीने जुने सर्व्हर आणि हजारो डिस्क काढायचं काम अशा कामाचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. त्यातल्या काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात पोचल्या, आणि २०२२ मध्ये अमेरिकी नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. छोट्या दवाखान्याला किंवा शिकवणीच्या वर्गाला एवढा दंड कुणी करणार नाही, पण रुग्णाचा रिपोर्ट आणि विद्यार्थ्याचा पत्ता तितकाच उघडा पडतो. मोठ्या फोटोकॉपी यंत्रांतही हार्ड डिस्क असते, भाड्याचं यंत्र परत करताना तिचं काय होणार हे लेखी विचारावं.

आपल्याला विनंती एवढीच, की त्या सदरातल्या उत्तराची दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर चार गोष्टी पुरेत: पुसण्याआधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडतोय ना हे तपासा, खात्यांतून साइन आउट करा, फिरत्या डिस्कला पूर्ण फॉरमॅट आणि एसएसडीला तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा द्या, नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी एन्क्रिप्शन चालू करा. संपूर्ण कृती चित्रांसह मांडून हवी असेल, तर ती मी विनामूल्य लिहून देईन.

आपली,
डेटा रिकव्हरीचं काम करणारी एक वाचक